मेढ्याचं घर, पश्चिमेचा छज्जा आणि पाणी झटकणारं पारदर्शक औषध : मारू की नको?

वेण्णाकाठ (१६ फेब्रुवारी)

नमस्कार. मेढ्याच्या वरच्या अंगाला, केळघरकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर आहे. आबांनी २००९ साली निवृत्तीच्या पैशातून बांधलं. आरसीसी फ्रेम, विटांच्या भिंती, भिंतींना बाहेरून वाळूचा गिलावा. कॉलम, बीम आणि छज्जे मात्र गिलावा न करता तसेच उघडे ठेवलेत. आबांना काँक्रीट काँक्रीटसारखं दिसलेलंच आवडायचं. आता आबा नाहीत. आई आणि मी राहतो, भाऊ पुण्याला असतो.

आमच्याकडच्या पावसाबद्दल वेगळं सांगायला नको. जूनच्या मध्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत पश्चिमेची बाजू वाळतच नाही. झड अशी येते की खिडकीच्या गजांतून पाणी आत उडतं. जुलै लागला की आईच्या खोलीत बीमच्या खाली ओल फुटते आणि कपाटातल्या साड्यांना कुबट वास लागतो. गेली तीन वर्षं वरच्या मजल्यावरच्या दोन छज्ज्यांच्या खालच्या बाजूला तांबूस रेघा दिसू लागल्यात. मागच्या दिवाळीत एका छज्ज्याचा हाताच्या पंजाएवढा पोपडा खाली पडला. आई तिथेच तुळशीला पाणी घालते. त्या दिवशी ती दहा पावलं पुढे गेली होती म्हणून वाचली.

साताऱ्याच्या एका दुकानात चौकशी केली. दुकानदाराने विटेच्या तुकड्यावर पारदर्शक औषध लावून वरून पाणी ओतून दाखवलं. अळवावरच्या पाण्यासारखे थेंब घरंगळले. डब्यावर सिलेन-सिलॉक्सेन लिहिलंय. दुसरा पर्याय म्हणजे रबरासारखं ताणणारं पांढरं कोटिंग. आमचे ठेकेदार म्हणतात, पारदर्शक औषधाचे दोन हात सगळीकडे मारू, दहा वर्षं बघायला नको.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे औषध ओल थांबवेल का? छज्ज्यातला गंज थांबवेल का? आणि ओल आतच कोंडून राहणार नाही ना? पावसाच्या आत काम उरकायचंय. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, त्यामुळे रसायन समजावून सांगितलं तरी चालेल, उलट आवडेल.

हरिपूरकर (१६ फेब्रुवारी)

ताई, शेवटच्या प्रश्नावर माझा अनुभव सांगतो. आमचं घर हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमापासून लांब नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी आठवडाभर उभं होतं. पूर ओसरल्यावर गणपतीच्या आधी घर नीट दिसावं म्हणून मी घाईने बाहेरून रबरासारखं जाड पांढरं कोटिंग मारून घेतलं. भिंत वरून कोरडी वाटत होती, आत पाणी भरलेलंच होतं. पुढच्या मार्चमध्ये ऊन तापलं आणि भिंतीवर पुरीसारखे फुगे आले. टोचले की आतून पाणी यायचं. सगळं खरवडून काढावं लागलं, आणि त्याबरोबर गिलावाही सुटून आला.

चूक माझी होती, मालाची नाही. ओल्या भिंतीवर पापुद्रा तयार करणारं काहीही मारू नका.

जुना_ओव्हरसीअर (१७ फेब्रुवारी)

ताई, मी कराडचा. पाण्याच्या उंच टाक्या, साकव, लहान पूल यांच्या देखभालीत माझी सगळी नोकरी गेली. तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही, कारण त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी विचारलेल्या तीन प्रश्नांत नाहीच. ती त्या तांबूस रेघांमध्ये आहे. तिच्याकडे येतो. आधी औषध.

काँक्रीट डोळ्यांना दगडासारखं दिसलं तरी आतून ते बारीक नळ्यांचं जाळं असतं. सिमेंटबरोबर मिसळलेलं जादा पाणी उडून गेलं की त्याच्या जागा मोकळ्या राहतात. या नळ्यांना पाण्याची ओढ असते. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं पाणी आत खेचलं जातं, त्याला दाब लागत नाही. सिलेनचा रेणू लहान, म्हणून तो या नळ्यांत शिरतो. आतल्या दमटपणाशी त्याची प्रक्रिया होते, अल्कोहोल सुटून उडून जातं, आणि उरलेला भाग नळीच्या भिंतीवरच्या सिलिकेटशी पक्का बांधला जातो. त्याची कार्बनची शेपटी बाहेर राहते. ती शेपटी तेलकट स्वभावाची. पाण्याचा थेंब टेकला की पसरत नाही, गोल राहतो. तुमच्या भाषेत स्पर्शकोन ९० अंशांच्या वर जातो. ओढच उलटी होते. सिलॉक्सेन म्हणजे असेच रेणू आधीच चार-पाच एकत्र जोडलेले. ते थोडे मोठे, म्हणून घट्ट काँक्रीटमध्ये कमी खोल जातात. वीट आणि गिलाव्याला बरे.

यात नळी बुजत नाही, फक्त तिला अस्तर लागतं. म्हणून आतली वाफ बाहेर पडू शकते. ओल कोंडण्याची तुमची भीती या औषधापुरती बाजूला ठेवा. हरिपूरकरांचं जे झालं ते पापुद्र्याच्या कोटिंगचं. अर्थात भिंत ओली असताना सिलेनही मारू नये, कारण नळ्या पाण्याने भरलेल्या असतील तर ते शिरणार कुठे?

आता ते काय करत नाही. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, पण पानाला भोक असेल तर पाणी खाली जातंच. चीर दिसत असेल, खिडकीच्या चौकटीभोवती फट असेल, बीम आणि वीटकाम यांच्या सांध्यात केसासारखी भेग असेल, तर या औषधाचे दहा हात मारून उपयोग नाही. आईंच्या खोलीतली ओल बीमच्या खाली फुटते म्हणता ना? मला तो सांधाच वाटतो. काँक्रीट आणि वीट उन्हात सारखी फुगत नाहीत, तिथे गिलावा हमखास तडकतो.

साचलेल्या पाण्यापुढेही ते टिकत नाही. ताशी १०० किलोमीटरचा वारा पावसाला भिंतीवर ढकलतो तेव्हा त्याचा दाब साधारण ५ सेंटिमीटर उंच पाण्याच्या थराएवढा होतो. तेवढं हे औषध सोसतं. पण गच्चीवर, छज्ज्याच्या माथ्यावर, टाकीच्या आत, जमिनीखालच्या भिंतीला हे वापरायचं नाही. तिथे उतार, कोबा, पाणी अडवणारा सलग थर हेच लागतं. मी एका गावात टाकीच्या आतून हे मारलेलं पाहिलंय. महिनाभरात टाकी आधीसारखीच पाझरायला लागली.

आणि गंज. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) साडेबाराच्या वर असतो. त्या तिखट अल्कलीत सळईवर एक अदृश्य कवच तयार होतं आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो, चुन्याशी मिळून सामू ९ च्या खाली आणतो. सामू उतरलेल्या भागाची सीमा सळईपर्यंत पोचली की कवच जातं. मग पाणी आणि हवा मिळाली की गंज. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत होतं, तो काँक्रीट आतून फोडतो. तुमच्याकडे पडला तो पोपडा असा. सिलेन या कार्बन डायऑक्साइडला अडवत नाही. ते काँक्रीट कोरडं ठेवतं, त्यामुळे गंजाचा वेग कमी होतो, पण कोरड्या नळ्यांत वायू मात्र अधिक मोकळेपणाने फिरतो. सुटलेला पोपडा तर कुठलंच औषध परत चिकटवत नाही.

आता त्या तांबूस रेघांकडे या. छज्जा भिंतीतून बाहेर झुलतो. त्याला खेच वरच्या अंगाला बसते, म्हणून मुख्य सळया वर हव्यात. काँक्रीट टाकताना माणसं त्या जाळीवर पाय देऊन चालतात आणि सळया खाली बसतात. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की नवीन सेंट्रिंगवर गेलो की पहिलं लक्ष तिकडेच जातं. तेव्हा ताई, उद्याच खालून बघा. रेघा भिंतीला समांतर आहेत की भिंतीतून बाहेरच्या कडेकडे येतात? समांतर असतील तर त्या वाटणीच्या, म्हणजे मुख्य सळयांना आडव्या बांधलेल्या सळया, त्यातल्या त्यात बरं. भिंतीतून बाहेर येणाऱ्या असतील, साधारण वितीच्या अंतराने, तर मुख्य लोखंड खाली बसलंय आणि तेच गंजतंय. तसं असेल तर तो छज्जा औषधाचा विषय नाही. तोपर्यंत आईंना तुळशीची जागा बदलायला सांगा. छज्ज्यावर कुंड्या असतील तर आजच उतरवा. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप माझ्या वडिलांनी पाहिलाय. आपल्या पट्ट्यात झुलतं काँक्रीट ढिलं ठेवून चालत नाही.

दुसरं, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत फिनॉल्फ्थॅलिन असणारच. छज्ज्याच्या फुटलेल्या जागी आणि एका कॉलमच्या कोपऱ्यावर छिन्नीने ताजा टवका काढा, धूळ फुंका, लगेच थेंब टाका. गुलाबी झालं ते काँक्रीट निरोगी, रंग आला नाही तेवढं मेलेलं. रंगहीन पट्टी किती मिलिमीटर आहे ते पट्टीने मोजा. छज्ज्याचा टवका काढताना खाली उभं राहू नका, बाजूने शिडी लावा.

वेण्णाकाठ (२३ फेब्रुवारी)

काका, तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, आणि मी तुमचा निरोप वाचला त्याच संध्याकाळी तुळस अंगणात हलवली. छज्ज्यावर आईच्या सात कुंड्या होत्या. त्याही उतरवल्या.

रविवारी भाऊ आला होता. उत्तरेच्या छज्ज्यावरच्या रेघा भिंतीला समांतर आहेत, दोनच. पश्चिमेच्या छज्ज्यावर मात्र रेघा भिंतीतून बाहेर येतात. मोजल्या, पाच आहेत, अंतर १५ सेंटिमीटर. पोपडा पडला त्या जागी सळई उघडी आहे आणि खालच्या पृष्ठापासून जेमतेम १२ मिलिमीटर आत.

फिनॉल्फ्थॅलिन शाळेतून आणलं. पश्चिमेच्या कॉलमवर रंगहीन पट्टी ८ मिलिमीटर, पुढे लख्ख गुलाबी. छज्ज्याच्या खाली मात्र २० मिलिमीटरपर्यंत काहीच रंग नाही. मला उलट वाटलं होतं. कॉलम तर सगळा पाऊस खातो, छज्ज्याची खालची बाजू आडोशाला असते. मग तिथे जास्त कसं?

खोलीतल्या ओलीचं तुमचं बरोबर निघालं. बीम आणि भिंतीच्या सांध्यात पोस्टकार्डाची कड जाईल अशी चीर आहे, खोलीच्या पूर्ण लांबीची. रंगाखाली दिसत नव्हती.

सळई_आणि_खडी (२३ फेब्रुवारी)

सांगलीत स्ट्रक्चरल डिझाइन करतो, म्हणून मध्ये बोलतो. तुमच्या 'उलट कसं' या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. कॉलमच्या नळ्या वर्षातले तीन-चार महिने पाण्याने भरलेल्या असतात आणि पाण्यातून कार्बन डायऑक्साइड फार हळू सरकतो. छज्ज्याची खालची बाजू दमट असते, पण भिजलेली नसते. कार्बोनेशन, म्हणजे काकांनी सांगितलेली कार्बन डायऑक्साइडने सामू उतरण्याची क्रिया, ५० ते ७० टक्के आर्द्रतेत सगळ्यात वेगाने होते.

याची खोली काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. तुमच्या घराला १६ वर्षं झाली, कॉलमवर ८ मिलिमीटर, म्हणजे गुणांक २. कॉलमचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ४० मिलिमीटर मिळालं असेल तर ती सीमा सळईपर्यंत पोचायला ४०० वर्षं लागतील असं गणित सांगतं. सिलेनने काँक्रीट कोरडं झालं की हा गुणांक वाढेल. तो छज्ज्याइतका, म्हणजे ५ झाला असं धरलं तरी ६४ वर्षं येतात. त्यामुळे कॉलम आणि बीमना सिलेन जरूर मारा, पण आधी कव्हर खरंच किती आहे ते दोन-तीन ठिकाणी कव्हर मीटरने बघून घ्या. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकात जोराचा पाऊस आणि आळीपाळीने ओलं-कोरडं होणारं काँक्रीट 'तीव्र' वर्गात येतं आणि त्याला ४५ मिलिमीटर कव्हर सांगितलंय. घरांच्या कामात तेवढं कव्हर मला क्वचितच सापडतं.

छज्ज्याबद्दल ओव्हरसीअर काकांशी पूर्ण सहमत. पश्चिमेचा छज्जा दुरुस्त करू नका, उतरवा. मुख्य सळया खाली असतील तर कितीही सुंदर पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल) भरलं तरी त्याची ताकद परत येत नाही. हे काम जवळच्या इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवूनच करा, फोरमवरच्या सल्ल्यावर नको. टेकू लावल्याशिवाय छिन्नीला हात लावायचा नाही.

जुना_ओव्हरसीअर (२४ फेब्रुवारी)

गणिताचं काम साहेबांनी केलं, मी हाताचं सांगतो.

उत्तरेच्या छज्ज्याची सुटलेली बाजू ठोकून बघा. हातोडीला खणखणीत आवाज आला तर ठीक, डब्यासारखा बद्द आला तर तेवढं काढायचं. सळईच्या मागे बोट जाईल इतकं खणायचं, नुसतं पुढून खरवडायचं नाही. मागे राहिलेला गंज तीन वर्षांत नवा थर उडवतो. तारेच्या ब्रशने लोखंड पांढरं करायचं, त्याच दिवशी जस्ताचा प्रायमर, मग पॉलिमर मॉर्टर दोन थरांत. त्याला पाणी मारणं विसरू नका, गोणपाट बांधा. आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला, बाहेरून दोन बोटं आत, पाणी तोडणारी खाच ठेवा. ती नसली की पाणी कडेवरून वळून खालच्या बाजूने भिंतीपर्यंत चालत येतं. तुमच्या दोन्ही छज्ज्यांना खाच नसणार, पैज लावतो.

बीमखालची चीर व्ही आकारात उघडून, धूळ काढून, लवचिक पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेन सीलंट भरा. पांढरं सिमेंट भरून चालणार नाही, पुढच्या उन्हाळ्यात तीच चीर परत दिसेल.

हे सगळं मार्चमध्ये उरका. नव्या मॉर्टरला २८ दिवस द्या. म्हणजे औषध एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात. आधी शेवाळ आणि जुना सिमेंट वॉश ब्रशने आणि पाण्याच्या फवाऱ्याने पूर्ण काढा. वॉश राहिला तर औषध त्याच्यातच अडकेल. मग चार-पाच दिवस कडक ऊन खाऊ द्या.

काँक्रीटला सिलेन जास्त असलेला माल घ्या, विटेच्या गिलाव्याला सिलॉक्सेन चालेल. मिथाइल सिलिकोनेटचा पाण्यातला स्वस्त माल मिळतो, तो काँक्रीटवर नको. जास्त पडला तर पांढरे डाग राहतात आणि ते निघत नाहीत. पंप कमी दाबाचा, फवारणीचा चालेल, पण धुकं उडवायचं नाही, भिंतीवरून ओघळ खाली वितीभर वाहिला पाहिजे. खालून वर जात मारा. पहिला हात ओला असतानाच दुसरा. आमच्या कामांत दोन्ही हात मिळून चौरस मीटरला ३०० ते ५०० मिलिलिटर लागायचं. डब्यावरचा आकडा बघा आणि ठेकेदाराला डबे मोजून द्या, रिकामे मोजून परत घ्या. पातळ करून मारलं तर त्या दिवशी थेंब तसेच घरंगळतात, फसवणूक दुसऱ्या पावसाळ्यात कळते. काचा आणि ॲल्युमिनियमच्या चौकटी कागदाने झाका. सकाळी लवकर मारा, तापलेल्या भिंतीवर ते शिरण्याआधीच उडतं. बिडी-काडी लांब, आणि आईंना त्या दिवशी शेजारी पाठवा, वास डोक्यात जातो. वळवाचा भरवसा नाही. ढग दिसले तर त्या दिवशी राहू द्या, निदान पाच-सहा तास कोरडे मिळाले पाहिजेत.

आणखी एक. दोन-तीन वर्षांनी वरचे थेंब घरंगळणं कमी होईल. घाबरून परत डबे आणू नका. वरची कातडी उन्हाने जाते, आतला थर काँक्रीटच्या पोटात सावलीत असतो. शाळेतला थिसल फनेल, म्हणजे लांब नळीचं नरसाळं, वाकवून पुट्टीने भिंतीला चिकटवा, दहा सेंटिमीटर पाणी भरा आणि अर्ध्या तासात किती उतरतं ते औषधाआधी आणि नंतर लिहून ठेवा. कार्स्टन नळी म्हणतात ती हीच. दरवर्षी एकाच जागी मोजा, तोच खरा आकडा.

हरिपूरकर (२५ फेब्रुवारी)

काका, मग पुराच्या पाण्यापुढे हे चालणारच नाही ना? तीन-चार फूट पाणी उभं राहिलं तर?

जुना_ओव्हरसीअर (२५ फेब्रुवारी)

नाही चालणार. शंभर सेंटिमीटर पाणी म्हणजे मी वर सांगितलेल्या वाऱ्याच्या वीसपट दाब. पूर उतरल्यावर जोत्याजवळच्या भिंतीतली वाफ बाहेर पडायला मात्र ते अडवत नाही, इतकंच.

वेण्णाकाठ (१७ ऑगस्ट)

काका, साहेब, उशिरा लिहितेय. पश्चिमेचा छज्जा मार्चमध्ये टेकू लावून उतरवला. साताऱ्याहून इंजिनिअर दोनदा येऊन गेले. तोडताना दिसलं, पाचही सळया तळाला चिकटून, दोन तर हाताने मोडल्या. आईने तो तुकडा पाहिला आणि बराच वेळ काही बोलली नाही. त्या जागी आता लोखंडी ब्रॅकेटवर पत्रा आहे. आबांना आवडला नसता, पण हलका आहे.

उत्तरेचा दुरुस्त केला, खाच ठेवली. तुम्ही पैज जिंकलात, दोन्हींना खाच नव्हती. औषध ४ मे रोजी मारलं. मी डबे मोजले. एक डबा शिल्लक राहत होता, म्हणजे हात हलका चाललाय हे लक्षात आलं आणि पश्चिमेचे कॉलम त्याच वेळी परत ओले करून घेतले.

फनेलचे आकडे: औषधाआधी अर्ध्या तासात साडेतीन मिलिलिटर उतरलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात मोजलं तर पाण्याची रेघ हललीच नाही. दहावीच्या मुलांना घेऊन मोजलं, त्यांनी वहीत आलेख काढलाय.

जुलै सरला. आईच्या खोलीत बीमखाली ओल नाही. साड्यांचं कपाट तिने स्वतः रोज उघडून वास घेऊन पाहिलं. मात्र कोपऱ्यात, गच्चीवरून पावसाळी पाण्याचा पाइप खाली येतो तिथे, ताटाएवढा डाग अजून आहे. पाइप स्लॅबमधून जातो त्याभोवती कोबा फुटलाय असं भाऊ म्हणतो. दिवाळीनंतर ते उघडतोय, तेव्हा फोटो टाकते.